माळकरी कोंबड्या

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. मलकपेठच्या नामदेवरावांना मेहुण्यानं कोंबड्या धाडल्या. घोडं आलं असतं तर एक वेळ चाललं असतं. रेसकोर्स जवळच आहे, आणि मुख्य म्हणजे घोडा मासमच्छी खात नाही.

नामदेवराव माळकरी होते. मूळचे भालकीकडचे शेतकरी, पण वडिलांच्या काळापासून हैदराबादेत. सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांनी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर गळ्यात तुळशीची माळ घातली. मटण, मासळी, अंडी, सगळं एका दिवसात सोडलं. लोकांनी त्यांच्या निग्रहाचं फार कौतुक केलं. त्यांच्या बायकोनं, गंगूबाईनं, त्याच दिवशी मटणाचं पातेलं आणि सुकटीचा डबा भांडी घासणाऱ्या बाईला देऊन टाकला. तिच्या निग्रहाचं कौतुक कुणी केलं नाही, कारण तिनं काही सोडलंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. घरधन्यानं माळ घातली की चूल माळकरी होते, ही आपल्याकडची रीत. चुलीला विचारायची पद्धत नाही.

वरच्या मजल्यावर मुलगा हर्षवर्धन आणि सून श्रुती राहत. श्रुती पुण्याची, दोघंही माधापूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्यांची चूल वेगळी. वर काय शिजतं ते खाली कळत नाही, असा घरात कायदा होता. शनिवारी रात्री जिन्यातून बिर्याणीचा घमघमाट खाली यायचा, तेव्हा नामदेवराव तपकिरीची चिमूट नाकात कोंबून हरिपाठ म्हणायचे आणि कायदा पाळायचे.

गंगूबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिचा भाऊ उमाजी भालकीहून बघायला आला, तो बहिणीला विरंगुळा म्हणून डालगंभर कोंबड्या घेऊन. त्यात सगळ्या जातीचं पीक होतं. अंडी घालणाऱ्या दोन तांबड्या फार्मच्या कोंबड्या, अंडी घालून थकलेली एक म्हातारी असील, अजून अंड्यावर न आलेल्या चार तलंगा आणि स्वतःला सुभेदार समजणारा एक कोंबडा. मेहुण्याची भेट परत पाठवावी तर तो जन्मभर ऐकवणार. नामदेवरावांनी कोंबड्या ठेवून घेतल्या, पण दोन अटींवर. अंडी परस्पर वरच्या मजल्यावर जातील. आणि माळकऱ्याच्या अंगणात मासमच्छी खाल्ली जाणार नाही, कोंबड्यांनीसुद्धा नाही.

गंगूबाईनं दोन्ही अटी मान्य केल्या. तिला त्या कोंबड्या हव्या होत्या. साऱ्या घरात तिनं हाक मारल्यावर धावत येणारं दुसरं कोण होतं? नवऱ्याला ऐकू कमी यायचं, आणि मुलाच्या कानात दिवसभर कसली तरी बोंडं असायची. तिनं पहाटे खुराड्याचं दार उघडलं की आठही जीव तिच्या पायांत लुडबुडायचे, आणि गुडघा दुखतोय हे ती विसरायची.

पहिले काही दिवस कोंबड्यांनी शिळा भात, जोंधळे आणि भाकरीचे तुकडे खाऊन काढले. मग तांबड्यांची अंडी पापुद्र्यासारख्या कवचाची व्हायला लागली. त्या घालायच्या आणि त्याच फोडून खायच्या. तलंगा वाढेनात. सगळ्यांनी मिळून म्हाताऱ्या असीलची पिसं उपटून खायला सुरुवात केली, आणि तिचं बूड भर चौकात उघडं पडलं.

"गावाकडं असं कधी केलं न्हाई त्येनी," गंगूबाई म्हणाली.

गावाकडे त्यांना उकिरडा होता. किडे, अळ्या, वाळवी, काय हवं ते त्या स्वतः बघून घेत. मलकपेठच्या अंगणात शहाबादी फरशी होती, आणि ती नामदेवराव रोज धुऊन घेत.

"हे बघ," नामदेवरावांनी बजावलं, "पिसं उपटली ते ठीक. पन ज्या दिवशी या अंगणात रक्त दिसंल, त्याच्या दुसऱ्या दिवशी डालगं भालकीला. माळकऱ्याच्या घरात हिंसा चालायची न्हाई."

भालकीला म्हणजे कुठे, हे गंगूबाईला पक्कं ठाऊक होतं. उमाजीचाही कोंबड्यांवर फार जीव. विशेषतः रविवारी, भाकरीबरोबर.

म्हणून ती दुखऱ्या गुडघ्यानं रिक्षा करून गंजात, धान्याच्या बाजारात, गेली. तिथं कोंबड्यांच्या खाद्याचं एक दुकान होतं. दुकानदार पोत्यांवर आरामात लवंडला होता. गंगूबाईनं कोंबडा, तलंगा, म्हातारी, सगळ्यांची हकिगत सांगितली. त्यानं ती डोळे मिटून ऐकली.

"लेयर डालो अम्मा," तो म्हणाला. "सब खाते."

"कोंबडा बी?"

"मुर्गा क्या, आप बी खाए तो अंडा देते. परेशान नक्को हो."

ती लेयरचं पोतं घेऊन आली. संध्याकाळी त्या पोत्याभोवती सगळं घर जमलं. श्रुतीनं मोबाईलवर वाचून सांगितलं, "आई, हे फक्त अंडी देणाऱ्यांसाठी असतं. ह्यात कॅल्शियम खूप आहे. कोंबड्याला आणि तलंगांना रोज दिलं ना, तर त्यांच्या किडन्या जातील. सगळ्यांना मिळून ग्रोवर द्यायचं, वाढत्या कोंबड्यांचं. आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात. जिला अंडं घालायचंय ती आपलं आपण जाऊन खाते. तिला बरोबर कळतं."

"हौ, पण ग्रोवर तरी कुठलं?" हर्षवर्धन म्हणाला, आणि घरकामात आपला वाटा उचलला असं समजून वर निघून गेला.

नामदेवराव मात्र चष्मा लावून पोत्यावरची बारीक अक्षरं वाचत होते. पार्सल ऑफिसात आयुष्य गेलेलं. आत काय आहे ते वाचल्याशिवाय त्यांनी कधी काही पुढे सोडलं नव्हतं. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"फिश मील," ते म्हणाले. "ह्यात मासळी हाय."

दुसऱ्या दिवशी पोतं परत गेलं. ग्रोवरच्या पोत्यावरही तीच ओळ होती. बिनामासळीचा माल फक्त मोठ्या फार्मांना गाडीभर मिळतो, असं दुकानदार लवंडल्या लवंडल्याच म्हणाला.

"प्रोटीन लागतं बाबा त्यांना," श्रुती काकुळतीला येऊन म्हणाली.

"रेसकोर्सचे घोडे बघितलेस? हरभरे खाऊन पळतात. घोड्याला जमतंय अन् कोंबडीला जमत न्हाई?"

यावर पुण्यात काय उत्तर देतात कोण जाणे. मग शिंपल्यांचा प्रश्न निघाला. शिंपला हा जीव की जीवाचं घर? नामदेवराव दोन दिवस विचारात होते. शेवटी देवघरातल्या शंखाकडे त्यांचं लक्ष गेलं. शंख पूजेला चालतो, तर शिंपला कोंबडीला का चालू नये? शिंपला पास झाला.

खाद्य मात्र त्यांनी स्वतः बनवायला घेतलं. जोंधळे, गव्हाचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हळद. कांदा-लसूण वर्ज्य. त्याचं पोतं अंगणातल्या ओट्यावर राहिलं आणि नामदेवराव सकाळ-संध्याकाळ त्यातून आपल्या हातानं वाढू लागले. एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण पुढे एकादशी आली, आणि उपासाच्या घरात कोंबड्यांनी जोंधळे खावेत हे त्यांच्या मनाला पटेना. त्या दिवशी कोंबड्यांना भगर मिळाली, वर शेंगदाण्याचा कूट. कोंबड्यांनी ती मिटक्या मारत खाल्ली. माणसंही उपासाच्या दिवशी दुप्पट खातात, मग कोंबड्यांना कशाला नावं ठेवा!

पण पिसं उपटणं थांबलं नाही. एका सकाळी गंगूबाईनं खुराडं उघडलं तर असीलच्या शेपटीपाशी लाल ठिपका. नामदेवराव पूजेला बसले होते. तिनं पदरानं तो ठिपका पुसला, वर हळद दाबली, फरशीवर पाणी ओतलं. मग जिन्याचा कठडा धरून ती एकेक पायरी चढत वर गेली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

"श्रुती," धापा टाकत ती म्हणाली, "ते मासळीचं पोतं आण बाई. तुज्याकडं ठेव. वर काय हाय ते खाली कळत न्हाई."

श्रुतीनं सासूकडे नव्यानं पाहिलं. त्याच संध्याकाळी ग्रोवरचं पोतं तिच्या गाडीच्या डिकीतून आलं आणि वॉशिंग मशीनच्या शेजारी विराजमान झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नामदेवराव घोरायला लागल्यावर गंगूबाईनं पोत्याचं तोंड सोडलं, आणि तिचे हात जागच्या जागी थांबले. सुकटीचा वास. भालकीच्या बाजारातला, आईच्या तव्यावरचा, तिखट-मीठ लावून भाकरीवर घेतलेला. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. नातवंडं यायच्या वयात कोंबड्यांच्या खाद्यानं आपल्या तोंडाला पाणी सुटावं, याची तिला इतकी लाज वाटली की तिनं घाईघाईनं पोत्याचं तोंड बांधून टाकलं. पण वास बोटांना राहिला. त्या रात्री वरण-भात जेवताना तिला तो पुन्हा आला, आणि तिला रडू कोसळलं. मिरची लागली, असं ती म्हणाली. नामदेवरावांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. ते काही वाईट माणूस नव्हते.

मग हाच क्रम पडला. दुपारी ती वाटीभर ग्रोवर पदराखाली घेऊन जिना उतरायची. नामदेवरावांना वास यायचा प्रश्न नव्हता. तपकिरीनं त्यांचं नाक केव्हाच निवृत्त झालं होतं. माळेला तपकीर चालते.

दसरा गेला, दिवाळी गेली. कोंबड्या बदलल्या. तांबड्यांची अंडी टणक व्हायला लागली, तलंगा भरल्या, असीलच्या बुडावर पिसांचे कोंब फुटले, आणि कोंबडा असा आरवू लागला की पलीकडच्या गल्लीतून तेलुगूत तक्रारी यायला लागल्या. नामदेवराव ओट्यावर उभे राहून हे सगळं डोळे भरून बघत.

"बघितलंस?" ते गंगूबाईला म्हणाले. "जोंधळ्याचा गुन हाय हा. सात्त्विक आहार."

"हाव," गंगूबाई म्हणाली.

ती दुसरं काय म्हणणार? खरं सांगितलं तर डालगं भालकीला जाणार होतं. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे तिला समजत होतं, आणि रोज दुपारी जिना उतरताना तिचा जीव मुठीत असायचा.

नामदेवरावांनी ही गोष्ट स्वतःपाशी ठेवली असती तर बरं झालं असतं. पण त्यांनी ती गुरुवारच्या भजनात सांगितली. पिसं खाणाऱ्या कोंबड्या सात्त्विक आहारानं कशा शांत झाल्या, त्या एकादशी कशी करतात, हे ऐकून मंडळातल्या लोकांना भरून आलं. कुणी म्हणालं, हा संगतीचा महिमा. मंडळाचे बुवा प्रतापराव म्हणाले, एकदा दर्शन घेतलं पाहिजे. कोंबड्यांचं दर्शन! नामदेवरावांनी सगळ्यांना रविवारी चहाला बोलावलं.

रविवारी सगळं भजनी मंडळ अंगणात जमलं. बुवांना खुर्ची, बाकीच्यांना सतरंजी. कोंबड्याही अगदी शिस्तीत फिरत होत्या. गंगूबाईनं त्यांना आदल्या दुपारी दीडपट खाऊ घातलं होतं. नामदेवरावांनी सात्त्विक आहारावर छोटंसं भाषण केलं. जयवंताबाई म्हणून एक भाविक बाई होत्या. त्यांच्या घरी कोंबड्या नव्हत्या, पण नवरा तापट होता.

"त्ये मिश्रन जरा दावा की," त्या म्हणाल्या. "मानसाला चालंल का?"

नामदेवराव मोठ्या कौतुकानं पोत्यापाशी गेले. त्यांनी आत हात घातला, मूठ भरली, आणि किंचाळून हात बाहेर काढला. पाठोपाठ एक उंदीर उडी मारून फरशीवर आला.

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. सुभेदार झेपावला आणि त्यानं उंदीर चोचीत धरून आपटला. तांबड्या धावल्या, तलंगा धावल्या. म्हातारी असील, जिला तोवर कुणी पळताना पाहिलं नव्हतं, तीही धावली. एकीनं शेपूट ओढलं, दुसरीनं डोकं, आणि भजनी मंडळाच्या सतरंजीवर त्या उंदराची समान वाटणी झाली. बायका किंचाळल्या. जयवंताबाई ओट्यावर चढल्या. कोंबड्या चोची पुसून पुन्हा शिस्तीत फिरायला लागल्या. त्या अंगणात शुद्ध शाकाहारी असा एकच जीव होता, तो म्हणजे तो उंदीर. जन्मापासून तो नामदेवरावांच्याच पोत्यातलं खाऊन वाढलेला होता.

नामदेवरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. सतरंजीवरच्या डागाकडे बघत ते ओरडले, "उद्याच्या उद्या डालगं भालकीला!"

गंगूबाईच्या हातात चहाचा ट्रे होता. तिनं ट्रे खाली ठेवला आणि ती नवऱ्याच्या आणि कोंबड्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. ती तिथून हलली नाही.

बोलले ते बुवा. त्यांना चहा हवा होता आणि भांडण नको होतं.

"नामदेवराव, शांत व्हा," ते म्हणाले. "कोंबडीनं कोंबडीचा धर्म पाळला. तिच्यावर कायकू रागावता? अहो, माळ आपण आपल्या गळ्यात घालतो. दुसऱ्याच्या गळ्यात घालायची नसते."

"वा! वा!" मंडळी म्हणाली.

सोनारानंच कान टोचावे लागतात. हेच गंगूबाई किंवा श्रुती म्हणाली असती तर वाद झाला असता. बुवा म्हणाले, तर ते ज्ञान ठरलं. नामदेवराव खाली बसले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि सगळ्यांच्या देखत कबूल केलं की आपण मुक्या जिवांवर जुलूम केला. यापुढे या अंगणात ज्याला जे लागतं ते मिळेल. मंडळींना पुन्हा भरून आलं. निघताना बुवा म्हणाले की आजच्यासारखा सत्संग बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

सगळे गेल्यावर गंगूबाईनं सतरंजी भिजत घातली आणि ती कोंबड्या डालायला लागली. नामदेवराव तिच्याजवळ येऊन उभे राहिले. अपराध कबूल केल्यावर माणसाला जे हलकं वाटतं ते त्यांना अजून वाटत होतं.

"उद्या ते मासळीचं पोतं आणायला सांग श्रुतीला," ते म्हणाले.

गंगूबाईनं खुराड्याची कडी घातली. आता लपवायचं तरी कशासाठी?

"आनायचं कशाला? वर हाय. दसऱ्यापसून तेच खाऊलालेत."

ती वादळाची वाट बघत उभी राहिली. वादळ आलं नाही. उलट नामदेवरावांचे डोळे पाणावले.

"बरं केलंस," ते म्हणाले. "मुका जीव. त्याला सांगता येत न्हाई. त्याला काय पायजे ते आपुनच वळखायला पायजे. दुसऱ्याच्या गळ्यात माळ घालायचा मला काय अधिकार?"

"अन् माज्या?" गंगूबाई म्हणाली.

"तुज्या काय?"

"माज्या गळ्यात."

नामदेवरावांनी चष्मा सारखा करून तिच्या गळ्याकडे नीट निरखून पाहिलं. तिथं मंगळसूत्र होतं.

"तुज्या गळ्यात कुटं माळ हाय?"

"न्हाईच की. मग मी सुकट कायकू सोडली?"

इतक्या वर्षांत तिनं हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला होता. नामदेवराव आठवू लागले. अगदी प्रामाणिकपणे आठवू लागले. माळ घातली तो दिवस त्यांना आठवला, गळाभेटी आठवल्या, प्रसादाचा शिराही आठवला. शेवटी त्यांनी खरं होतं तेच सांगितलं.

"पन गंगू, तू कधी बोलली न्हाईस."

"कोंबड्या तरी कुटं बोलल्या हुत्या?" गंगूबाई म्हणाली.